आयुर्वेदाची क्लिनिकल ट्रायल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरात गुडघेदुखीचा रुग्ण घाटी या सरकारी रुग्णालयातही जातो आणि कांचनवाडीच्या आयुर्वेद रुग्णालयातही. कोणत्या उपचाराने किती गुण येतो, हे त्याला खात्रीने सांगायचे तर आयुर्वेदाच्याही काटेकोर चाचण्या व्हायला हव्यात. पण काही गैरसमज आड येतात.

गैरसमज : प्रत्येकाची प्रकृती वेगळी, मग चाचणी होणार कशी?
वस्तुस्थिती : सर्वांना एकच औषध द्यावे लागते असे नाही. कोइमतूरमधील चाचणीत (२०११) रुमॅटॉइड संधिवाताचे ४३ रुग्ण होते. आयुर्वेदिक औषधे वैद्यांनी रुग्णागणिक ठरवली. आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध आणि दोन्ही एकत्र, अशा तीन गटांची तुलना झाली. रुग्ण थोडे असल्याने निकाल अंतिम नाही. पण अशी चाचणी करता येते, हे सिद्ध झाले.

गैरसमज : चाचणीत खोटी गोळी देतात आणि खरे उपचार बंद करतात.
वस्तुस्थिती : पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने गुडघ्याच्या संधिवातावर झालेल्या चाचणीत (२०१३) ४४० रुग्ण होते. दोन गटांना आयुर्वेदिक औषधी मिश्रणे, एकाला ग्लुकोसामाइन, एकाला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक. औषधाविना कोणीच नव्हते. चीनमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर पारंपरिक तोंगशिनलुओ औषध १२४ रुग्णालयांत तपासले गेले (२०२३). तिथे डमी गोळी मिळालेल्यांचेही नेहमीचे उपचार चालूच होते.

गैरसमज : उपचार रुग्णापासून लपवता आला नाही, तर चाचणी फुकट.
वस्तुस्थिती : भगंदरावरचे क्षारसूत्र, म्हणजे औषधी लेप दिलेला दोरा, लपवणार कसे? तरीही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (१९९१) चिठ्ठी टाकावी तशी गटवाटणी करून त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. मात्र वर्षभरात भगंदर उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के होते. रुग्णाला निर्णय घ्यायला हीच माहिती लागते.

गैरसमज : झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही.
वस्तुस्थिती : गुडघ्याच्या त्याच चाचणीत आयुर्वेदिक गटांतील काहींचे रक्तातील एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम वाढले. त्रास जाणवत नव्हता. रक्त तपासले म्हणूनच ते कळले. औषध थांबवल्यावर पातळी पूर्ववत झाली.

चाचणीत सहभागी होण्याबद्दल कोणी विचारले, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : नैतिकता समितीची मंजुरी आहे का, सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक कोणता, आणि अपाय झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार? चाचणीतून मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला कायम असतो.