भाड्याचें घर आणि नगरसंस्था

घर विकत घेणारा प्रत्येक माणूस त्यांत राहावयास जातोच असें नाहीं. एक घर राहण्यासाठीं आणि दुसरें भाड्याच्या उत्पन्नासाठीं, ही रीत मुंबईस नवी नव्हे. तेथील कित्येक चाळी भाड्याच्या आशेनेंच उभ्या राहिल्या. आतां तीच रीत पश्चिम रेल्वेच्या वाटेनें वसई, नालासोपारा व विरार येथें पोंचली आहे. फरक एवढाच कीं, चाळीचा मालक बहुधा एक असे. आज एका इमारतींतील वीस सदनिकांचे वीस मालक असतात, आणि त्यांतले कांहीं परगांवीं राहतात. मग गळक्या छताची किंवा तडा गेलेल्या खांबाची दाद भाडेकऱ्यानें कोणाकडे मागावी?

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपरिषदा व आसपासचीं गांवें मिळून अस्तित्वांत आली. २०११ च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढ्या वस्तीची घरांची भूक परवानगीवाचून बांधलेल्या इमारतींनींही भागविली, आणि त्याची किंमत रहिवाशांनीं मोजली. नालासोपाऱ्यांत सार्वजनिक कामासाठीं राखलेल्या जागेवरील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यांत आल्या. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं.

येथें नगरसंस्थेला काय करतां येईल? भाडें ठरविणें तिच्या हातीं नाहीं; तो विषय राज्याच्या कायद्याचा. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणें भाड्याचा करार लेखी व नोंदविलेला असलाच पाहिजे. ही जबाबदारी मालकाची. करार नोंदविला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं भाडेकऱ्याचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. परंतु ही नोंद सरकारच्या नोंदणी खात्याच्या दप्तरीं राहते आणि घरपट्टीची वही पालिकेच्या. या दोन्ही वह्या एकमेकींशीं ताडून पाहणें, हें पहिलें काम होय.

दुसरा प्रश्न कराचा. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमांतील मूळ पद्धतीप्रमाणें, घरास मिळूं शकणाऱ्या वार्षिक भाड्यांतून दुरुस्तीसाठीं १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. भाडें उघड केलें म्हणजे घरपट्टी चढणार, अशी धास्ती असल्यावर मालक करार लपवील. आणि चढलेली पट्टी तो भाडेकऱ्याकडूनच वसूल करील. म्हणून नोंदणी करणारा मालक शिक्षेस पात्र ठरूं नये, अशी आकारणी हवी. कायद्यानें दिलेला भांडवली मूल्याचा पर्याय या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे.

तिसरी आणि सर्वांत निकडीची गोष्ट सुरक्षिततेची. त्याच अधिनियमाच्या कलम २६७-अ अन्वयें अनधिकृत बांधकामावर घरपट्टीच्या दुप्पट शास्ती बसूं शकते. पण ती भरल्यानें इमारत अधिकृत होत नाहीं. घरपट्टीची पावती पाहून निश्चिंत होणारा भाडेकरू येथेंच फसतो. अनधिकृत व धोकादायक इमारतींच्या याद्या प्रभागवार प्रसिद्ध कराव्यात आणि इमारतीच्या दारावरच ठळक फलक लावावा, म्हणजे अनामत रक्कम देण्यापूर्वीच माणूस सावध होईल.

लंडनच्या न्यूहॅम विभागानें २००४ च्या गृहकायद्याचा आधार घेऊन जानेवारी २०१३ पासून खाजगी घरमालकांस परवाना सक्तीचा केला. घर सुस्थितींत ठेवणें ही त्या परवान्याची अट होती. असा परवाना येथें आणावयाचा तर राज्याचा कायदा लागेल, आणि घरोघर जाऊन पाहणारे निरीक्षकही लागतील. त्यांच्यावाचून परवाना म्हणजे आणखी एक कागद.

शेवटीं, धोक्याची इमारत रिकामी करविणें जितकें आवश्यक, तितकेंच त्या कुटुंबांना दुसरें छप्पर दाखविणेंही आवश्यक आहे. नाहीं तर एका अनधिकृत घरांतून निघालेलें बिऱ्हाड स्वस्त भाड्यासाठीं दुसऱ्या अनधिकृत घरांत शिरतें. पालिकेच्या ताब्यांतील थोडीं तरी घरें माफक भाड्यानें देण्यासाठीं राखलीं, तरच हें चक्र थांबेल.