उंदराला थंडी वाजली की गाठ वाढते!

शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडायचं, या उपचाराला, म्हणजे इम्युनोथेरपीला, पहिला जोरदार कौल उंदरांनी दिला, तोही ऐन नाताळात! १९९४ सरता सरता कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत जेम्स ॲलिसन यांच्या प्रयोगशाळेत गाठी असलेल्या उंदरांना एक अँटिबॉडी टोचली. ती गाठीला हातही लावत नव्हती. टी-पेशी या लढाऊ प्रतिकारपेशींवरचा ‘सीटीएलए-४’ नावाचा ब्रेक तेवढा सोडवत होती. गाठी विरघळल्या. प्रयोग लगेच, सुट्टीतच पुन्हा झाला. या खेपेस मोजमाप खुद्द ॲलिसन यांनी घेतलं, कोणत्या पिंजऱ्यात औषध गेलंय हे जाणून न घेता. आधी सगळ्यांच्याच गाठी वाढत राहिल्या. मग काही पिंजऱ्यांतल्या थबकल्या आणि आक्रसू लागल्या. त्यातूनच आलेल्या इपिलिमुमॅब या औषधाला २०११ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि २०१८ मध्ये ॲलिसन यांना जपानच्या तासुकू होन्जो यांच्यासह नोबेल.

असल्या प्रयोगांना कुठलाही उंदीर चालत नाही. एकाची गाठ दुसऱ्यात लावली तर त्याचं शरीर ती परकी म्हणून फेकून देतं. म्हणून पिढ्यान् पिढ्या भावाबहिणींचा संकर करून जुळ्यांसारखे एकसारखे उंदीर घडवले जातात. सगळ्यात गाजलेला काळा ‘सी ५७ ब्लॅक’ हा वाण १९२१ मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी ५७ क्रमांकाच्या मादीपासून सुरू केला. आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनीही मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये स्तनाच्या कर्करोगाची कोडी सोडवायला अशाच उंदरांची मदत घेतली.

पण वाण एकच असला तरी निकाल एकच येईल असं नाही! शिकागोत दोन पुरवठादारांकडून आलेल्या काळ्या उंदरांना त्वचेच्या कर्करोगाच्या त्याच पेशी टोचल्या. एकांच्या गाठी भराभर वाढल्या, दुसऱ्यांच्या सावकाश. मग दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवलं, आणि फरक गायब. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यातून आतड्यातले जिवाणू इकडून तिकडे गेले होते. त्यांतलं बिफिडोबॅक्टेरियम नुसतं पाजलं तरी गाठ मंदावली. सोबत इम्युनोथेरपी दिली तेव्हा वाढ जवळजवळ थांबलीच. २०१५ च्या या शोधाने कर्करोगतज्ज्ञांना रुग्णाच्या पोटाकडे बघायला लावलं.

थंडीची गोष्ट तर आणखी भारी. प्रयोगशाळेत २२-२३ अंश तापमान ठेवतात, कारण ते माणसांना बरं वाटतं. उंदराला हवे असतात ३० अंश. अमेरिकेतल्या बफेलोच्या संशोधकांनी पिंजरे उबदार केले आणि टी-पेशी जोमाने लढू लागल्या, गाठी हळू वाढल्या. म्हणजे आधीचे कित्येक प्रयोग कुडकुडणाऱ्या उंदरांवर झालेले! अतिस्वच्छताही नडते: प्रयोगशाळेतल्या उंदराची प्रतिकारयंत्रणा नवजात बाळासारखी कोवळी असते. दुकानातल्या उंदरांच्या सहवासात ती मोठ्या माणसासारखी तयार होते, मात्र त्यात काही जंतुसंसर्गाने दगावतातही.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेली, २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘नेक्सकार१९’ ही देशी कार-टी उपचारपद्धतीही (यात टी-पेशींना जनुकीय बदल करून कर्करोगावर सोडतात) आधी उंदरांवरच तपासली गेली. माणसाच्या पेशी टिकाव्यात म्हणून अशा चाचणीला प्रतिकारशक्ती हरवलेले उंदीर लागतात.

आणि प्राणी चकवतो तेव्हा? २००६ मध्ये लंडनमध्ये ‘टीजीएन १४१२’ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं. माकडांनी पचवलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकंच, तरी सहाही जण काही तासांत अत्यवस्थ झाले. टी-पेशींवरच्या ज्या ‘सीडी २८’ या प्रथिनावर औषध बसतं, ते माकडांच्या लढाऊ स्मृतिपेशींवर नव्हतंच. सहाही जण वाचले, पण माणसावरच्या पहिल्या चाचणीचे नियम त्यानंतर कडक झाले.

प्रयोगशाळेबाहेर, आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांतही प्रतिकारशक्तीचं एक नवल आहे. त्यांच्या जननेंद्रियावरचा एक कर्करोग समागमातून जिवंत पेशींच्या रूपाने एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातो. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एकाच कुत्र्याच्या त्या पेशी आहेत. पशुवैद्य व्हिन्क्रिस्टिन देतात, गाठ खचते, आणि मग कुत्र्याच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी गर्दी करून तिचा फडशा पाडतात.