जलदुर्गांची झीज आणि वादळी लाटांचें अनुमान

एखाद्या जलदुर्गाचा तट ढासळला म्हणजे तो 'समुद्राच्या लाटांनीं पडला' असें लिहून मोकळें होण्याची प्रवृत्ति आढळते. परंतु त्या लाटा केवढ्या असाव्या, याचें अनुमान आज बऱ्याच निश्चयानें करतां येतें. आणि त्यास लागणारा कांहीं पुरावा संग्राहकांच्या दप्तरांतच आहे. म्हणून या पद्धतीचें अल्प विवेचन येथें करीत आहों.

खोल समुद्रांतील लाटेची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते: वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा काळ आणि ज्या मोकळ्या पाण्यावरून तो येतो त्याची लांबी. या तिहींचा मेळ घालण्याची रीति स्वेर्द्रुप व मुंक यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बसविली व १९४७ सालीं प्रसिद्ध केली. सर्व लाटा सारख्या नसल्यानें त्यांतील सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी प्रमाण धरतात. लाटेची शक्ति उंचीच्या वर्गाप्रमाणें वाढते. उंची दुप्पट झाली कीं शक्ति चौपट होते.

तथापि तटापाशीं निर्णय करते ती पाण्याची खोली. सपाट तळावर लाटेची उंची खोलीच्या सुमारें ०.७८ पट झाली कीं ती फुटते. म्हणजे ३ मीटर पाण्यांत सुमारें २.३ मीटरांची, तर ५ मीटर पाण्यांत ३.९ मीटरांपर्यंतची लाट टिकते. सबब तेंच वादळ भांगाच्या ओहोटीस निरुपद्रवी, तर उधाणाच्या भरतीस घातक ठरूं शकतें; कारण वादळानें फुगलेलें पाणी त्या भरतीवर चढतें.

आतां उधाण येतें तें अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, व भांग येते ती अष्टमीच्या आसपास. जुन्या पत्रांतील तिथि आणि 'छ' पुढील मुसलमानी चंद्र हीं दोन्ही चांद्रमानाचीं. अर्थात् पत्राची मितीच भरतीचा दाखला देते. केवळ इंग्रजी तारीख छापून मूळ मिति गाळली, तर गणितांतील एका दिवसाची चूकही पकडण्याचें साधन नाहींसें होतें.

सर्वच झीज लाटांची नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. मुरूडजवळील पद्मदुर्गाच्या तटांत दगड झिजून खोल गेले आहेत व सांध्यांतील चुना मात्र पुढें उभा आहे. असें काम खाऱ्या पाण्याचें व वाऱ्याचें, एका वादळाचें नव्हे. तसेंच, किनाऱ्याकडील बाजूचा तट पडला असल्यास तेथें मोकळें पाणी थोडें असल्यानें प्रथम अन्य कारण शोधावें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, पत्रांतील वादळाच्या ओळी किरकोळ समजून गाळूं नयेत. मिति, प्रहर, वाऱ्याची दिशा व तो किती वेळ टिकला, एवढें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. उभे असलेले तट राखण्याच्या कामीं या चार ओळींचा उपयोग होईल.