हिरा झिजतो, तोही प्लॅस्टिकवर!

वाशीमकडच्या थंडीत, हवा कोरडी असताना प्लॅस्टिकच्या कंगव्याने केस विंचरून पाहा. चरचर आवाज होतो, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. ही करामत ध्यानात ठेवा.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे भिंग हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये प्रथम वापरले. ते अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचे होते. आज अशी पुष्कळ भिंगे लेथवर हिऱ्याच्या टोकाने कातून काढतात.

भिंग फिरते, हिरा हळूहळू सरकतो आणि ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चर उमटतात. त्यांची खोली काढणे सोपे आहे: एका फेऱ्यातील फीडचा वर्ग भागिले टोकाच्या त्रिज्येची आठपट. फीड १० मायक्रोमीटर आणि त्रिज्या १००० मायक्रोमीटर घेतल्यास १०० ÷ ८००० = ०.०१२५ मायक्रोमीटर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी याच्या चाळीस पटींहून मोठी! म्हणून पृष्ठभाग आरशासारखा दिसतो.

पण हे गणित धार शाबूत असेपर्यंतच खरे. बोथट हिरा कापत नाही, घासतो. अ‍ॅक्रिलिक १०५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते. मग ते ओरबाडले जाऊन भिंग धूसर होते.

पोलादावर हिरा झिजतो, कारण त्याचा कर्ब तापलेल्या लोखंडात मिसळतो. प्लॅस्टिकमध्ये लोखंड कुठले? येथे आपला कंगवा आठवा. घर्षणाने विद्युतभार साचतो, धारेपाशी ठिणग्या उडू शकतात. शिवाय प्लॅस्टिक आणि हिरा यांच्यात रासायनिक क्रियाही घडते. कोणाचा वाटा किती, हे प्लॅस्टिकच्या जातीवर अवलंबून असते. त्यातच भारित कीस हिऱ्याला चिकटतो आणि नुकत्याच कातलेल्या भिंगावर ओरखडे काढतो. तो ओढून घेण्यासाठी कारागीर धारेशेजारीच हवा शोषणारी नळी लावतात.