खंडाचा हप्ता झाला तेव्हा : आयर्लंडमधल्या कुळांची गोष्ट

आयर्लंडचा विषय निघाला की आपल्या बैठकांत बहुधा दोनच गोष्टी होतात. एक बटाट्याचा दुष्काळ, आणि दुसरी म्हणजे आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वे तिथून घेतली, ही. दोन्ही खऱ्याच. पण या दोन्हींच्या मधल्या काळात जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. एका पिढीच्या आत त्या देशातली बहुतेक शेतजमीन जमीनदारांकडून कुळांकडे गेली, आणि तीही बऱ्याच अंशी जमीनदारांना मोबदला मोजून. हे जमलं कसं, पैसे आले कुठून आणि त्याच पैशांवरून पुढे दोन देशांत भांडण का लागलं, ते इथे मांडतो. कूळकायदा आपल्याकडे घरोघरी पोचलेला विषय आहे, त्यामुळे शब्द समजावून सांगत बसायची गरज नाही.

सुरुवात दुष्काळापासूनच करावी लागते. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती, १८५१ साली ती साडेपासष्ट लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त बोटीत बसून गेली. १८४७च्या कायद्यात एक कलम होतं : ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. म्हणजे पोटात अन्न हवं तर जमीन सोडा. या एका कलमाने किती झोपड्या ओस पडल्या असतील! जमीनदारही बुडालेलेच होते. १८४९च्या कायद्याने कर्जात अडकलेल्या जहागिरी विकायला काढल्या. नवे मालक आले, त्यांतले बरेचसे आयरिशच होते, पण पैसा गुंतवलाय तर तो वसूल झाला पाहिजे अशा हिशोबाने आलेले.

बहुतेक कुळांचा करार वर्षावर्षाचा असे. मालकाच्या मर्जीपर्यंत जमीन कसायची. कुळाने चर खणून पाणी काढून दिलं, बांध घातला, दगड वेचले, की जमीन सुधारली म्हणून खंड वाढायचा. मग चर खणायचा कुणी आणि कशासाठी? उत्तरेकडच्या अल्स्टर भागात मात्र एक रिवाज होता : जाणारं कूळ येणाऱ्या कुळाकडून आपल्या हक्काची किंमत घेऊन जाई. ग्लॅडस्टनच्या १८७०च्या कायद्याने या रिवाजाला मान्यता दिली आणि सुधारणांची भरपाईही ठरवली. पण खंड किती असावा यावर काहीच बंधन नव्हतं, त्यामुळे व्हायचं तेच झालं.

१८७९ साली पिकं पुन्हा बसली. दुष्काळाची आठवण असलेली माणसं अजून जिवंत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डब्लिनला लँड लीग स्थापन झाली. पार्नेल अध्यक्ष, आणि डोकं मायकेल डेव्हिटचं. डेव्हिट मेयो परगण्यातल्या बेदखल झालेल्या कुळाचा मुलगा. लहानपणी लँकेशायरच्या गिरणीत काम करताना त्याचा हात गेला होता. या डेव्हिटशी आपला एक धागा जुळतो. १८७४ साली बडोद्याचे दिवाण असलेल्या दादाभाई नौरोजींना एखाद्या आयरिश मतदारसंघातून पार्लमेंटात पाठवावं, अशी सूचना त्याने पार्नेलकडे केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. दादाभाई निवडून आले ते १८९२ साली, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून.

१८८० साली मेयोमध्येच लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर गावाने बहिष्कार घातला. मजूर शेतात जाईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी कॅव्हन आणि मोनॅघनहून पन्नासेक स्वयंसेवक आणून त्याचं पीक काढलं गेलं, भोवती शेकडो शिपायांचा पहारा ठेवून. सुमारे पाचशे पौंडांच्या पिकासाठी सरकारचे दहा हजार पौंड गेले, असं सांगतात. त्या कॅप्टनचं आडनाव इंग्रजीत क्रियापद झालं. १९०५च्या स्वदेशी चळवळीत आपल्या लोकांच्या तोंडी ‘बायकॉट’ होतं ते याच मेयोच्या शेतातलं.

सरकार नमलं. १८८१च्या कायद्याने कुळांना तीन गोष्टी मिळाल्या : वाजवी खंड, तो भरत राहिलं तर जमिनीवरून न हलण्याची हमी, आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक. खंड ठरवायला लँड कमिशन नेमलं आणि एकदा ठरलेला खंड पंधरा वर्षं बदलायचा नाही, असं झालं. पण यातून एक विचित्र अवस्था आली. जमीन मालकाची, पण तो कुळाला काढू शकत नाही, खंड वाढवू शकत नाही. कूळही पुरता मालक नाहीच. एका शेताला दोन अर्धे मालक. जमीनदारालाच आता वाटायला लागलं, की कुणी चांगली किंमत दिली तर सुटलो.

किंमत द्यायला सरकार पुढे आलं, आणि यात पुढाकार हुजूर पक्षाचा होता. १८८५च्या कायद्याने कुळाला खरेदीची पूर्ण रक्कम कर्जाऊ मिळू लागली. वर्षाला चार टक्के भरायचे, ४९ वर्षं. पण खरी उडी १९०३च्या विंडम कायद्याची. त्याआधी डिसेंबर १९०२मध्ये डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये जमीनदार आणि कुळांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसले. लॉर्ड डनरेव्हन एकीकडे, विल्यम ओब्रायन आणि जॉन रेडमंड दुसरीकडे. जे जुळलं त्यावर कायदा बेतला गेला.

मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे या कायद्याचं गणित स्वतः मांडून बघितल्याशिवाय चैन पडेना. समजा एका कुळाचा खंड वर्षाला २० पौंड आहे. कायद्याची अट अशी, की खरेदीनंतरचा हप्ता खंडापेक्षा कमीच हवा. नव्याने ठरलेल्या खंडावर दहा ते तीस टक्क्यांनी कमी. आपण वीस टक्के धरू, म्हणजे हप्ता १६ पौंड. हप्ता म्हणजे कर्जाच्या सव्वातीन टक्के, त्यात पावणेतीन टक्के व्याज आणि अर्धा टक्का मुद्दल. या दराने कर्ज निघतं सुमारे ४९२ पौंड. ते साडेअडुसष्ट वर्षांत फिटतं. कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतं. जमीनदाराला हे ४९२ पौंड, शिवाय सरकारकडून बारा टक्के बक्षिशी म्हणजे ५९ पौंड. एकूण ५५१. ही रक्कम त्याने साडेतीन टक्क्यांच्या जरा वर कुठे गुंतवली, तर त्याला पूर्वीचे २० पौंड घरबसल्या मिळतात, आणि वसुलीची कटकट संपली ती वेगळीच.

म्हणजे कुळाला चार पौंड कमी द्यावे लागतात आणि जमीनदाराचं काही जात नाही. मधलं अंतर भरून निघालं ते ब्रिटिश सरकारच्या पतीवर. एवढ्या स्वस्त व्याजाने पैसे उभे करणं त्या काळी लंडनलाच शक्य होतं. आपल्याकडे मुंबई राज्याच्या कूळकायद्यातही किंमत हप्त्यांनीच होती, पण ती कुळाने भरायची काही वर्षांत. अडुसष्ट वर्षांची मुदत आणि वर बक्षिशी देण्याइतका पैसा आपल्याकडे कुठून येणार?

पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक कुळं मालक झाली किंवा त्या वाटेवर लागली. पश्चिम किनाऱ्यावर मात्र मालकी देऊन भागण्यासारखं नव्हतं. तिथे एकेकाच्या जमिनीचे चार-पाच ठिकाणी विखुरलेले तुकडे होते. १८९१ साली नेमलेल्या कन्जेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने जहागिऱ्या विकत घेऊन ते एकत्र बांधले, धक्के आणि रस्ते केले, होड्यांना पैसे दिले. शेतमजुराच्या वाट्याला यातली जमीन आलीच नाही. त्याच्यासाठी १८८३पासून वेगळे कायदे झाले आणि सरकारी खर्चाने चाळीस हजारांहून जास्त घरं, छोट्याशा परड्यासह, बांधून झाली. सुधारणेत ज्याच्या हातात आधीच नांगर होता त्यालाच जमीन मिळते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

आता भांडणाकडे. १९२२ साली आयरिश फ्री स्टेट झालं, पण हप्ते चालूच होते. शेतकरी डब्लिनला भरायचा आणि डब्लिन ते लंडनला पाठवायचं, वर्षाला सुमारे तीस लाख पौंड. ज्यांनी आमच्या जमिनी जिंकून घेतल्या त्यांच्याकडून त्या विकत घ्यायच्या, आणि तेही स्वतंत्र झाल्यावर? पीडर ओडॉनेलसारख्यांनी यावर रान उठवलं. १९३२ साली डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि त्यांनी पैसे रोखले. कॉसग्रेव्ह सरकारने लंडनशी केलेले करार आमच्या संसदेने कधी मंजूरच केले नव्हते, असा त्यांचा मुद्दा. लंडनने जुलैमध्ये आयरिश जनावरांवर आणि शेतमालावर वीस टक्के जकात बसवली, पुढे ती वाढवली. डब्लिनने कोळसा, सिमेंट आणि इतर मालावर उलट जकात लावली.

मार बसला तो जनावरं पाळणाऱ्यावर. गुरांचे भाव इतके पडले की सरकार वासरं मारायला उत्तेजन देऊ लागलं, एका कातड्यामागे दहा शिलिंग. यातली खरी मेख अशी, की शेतकऱ्याचे हप्ते माफ झालेच नाहीत. १९३३च्या कायद्याने ते निम्मे केले, आणि ते निम्मे डब्लिनच्या तिजोरीत जाऊ लागले. म्हणजे लंडनला द्यायचे नाहीत म्हणून ज्यांच्या नावाने लढाई, त्यांनी अर्धे भरायचेच, वर बाजारही गमवायचा. डी व्हॅलेरांच्या चाहत्यांना हे रुचत नाही, पण हिशोब हिशोब आहे.

१९३५पासून कोळशाच्या बदल्यात गुरं असा तह सुरू झाला. एप्रिल १९३८मध्ये मिटलं : आयर्लंडने एकदाच एक कोटी पौंड द्यायचे आणि खातं बंद. म्हणजे सव्वातीन-साडेतीन वर्षांच्या हप्त्याइतकी रक्कम. शिवाय कोव्ह, बेअरहेवन आणि लॉक स्विली ही बंदरं परत मिळाली. महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहू शकलं, त्यामागे ही बंदरं ताब्यात असणं हे एक मोठं कारण होतं.

लँड कमिशनचं काम मात्र नंतरही साठ वर्षं चाललं. मोठी चराऊ कुरणं तोडून वाटणं हा आता त्याचा उद्योग. १९३५ साली कॉनेमारातली आयरिश भाषा बोलणारी २७ कुटुंबं मीथ परगण्यातल्या सुपीक जमिनीवर राथ केर्न इथे वसवली. तिथे आजही आयरिश बोलली जाते. १९९९ साली कमिशन बंद झालं. त्याचे नकाशे, खंडवह्या आणि जहागिऱ्यांचे मूळ दस्त, लाखो कागद, पोर्टलीश गावातल्या एका गोदामात आहेत. हे शेत आपल्या पणजोबाला कुणाकडून आणि कितीला मिळालं, याचं उत्तर तिथे आहे, आणि तिथल्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना ते बराच काळ बघायला मिळत नव्हतं.