हुशार माणसाचा देव

‘हुशार माणसे देव मानत नाहीत,’ असे एक जण ठासून सांगतो. ‘थोर शास्त्रज्ञही शेवटी देवापाशीच येतात,’ असे दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो. खरे कोणाचे?

काशी हिंदू विश्वविद्यालयातले नारळीकरांचे घर पाहा. विष्णू वासुदेव नारळीकर १९३२ पासून तेथे गणिताचे प्राध्यापक, तर सुमतीबाई संस्कृतच्या व्यासंगी. या घरात वाढलेले जयंतराव १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि पुढे फ्रेड हॉईल यांच्यासह ज्याला आरंभच नाही अशा विश्वाची बाजू मांडू लागले. आरंभ नाही, मग निर्माता कशाला, असे कुणालाही वाटेल. उलट, विश्वाला आरंभ आहे असे मांडणारे बेल्जियमचे लमेत्र चक्क धर्मगुरू होते! पण १९५१ मध्ये पोपनी त्या सिद्धांतात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचले नाही. गणिताने देवाचा निकाल लावू नये, हे या धर्मगुरूला बरोबर कळले होते.

पत्रिकेचा निकाल मात्र लावता येतो. २००८ मध्ये नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने पुण्यात १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. मूल हुशार की मतिमंद, एवढेच ओळखायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते, तरी निम्मी आली असती.