गॉथ संगीत : एका नवख्या श्रोत्याच्या दृष्टीतून परिचय

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाचा विद्यार्थ्यांच्या अभिरुचीशी येणारा संबंध बहुधा अभ्यासक्रमापुरता मर्यादित असतो. गडचांदूरसारख्या सिमेंट उद्योगाच्या गावातील विद्यार्थी आज मोबाईलवर जगातील कोणतेही संगीत ऐकू शकतो, याची जाणीव प्रस्तुत लेखकास एका प्रसंगाने झाली. पदवीच्या द्वितीय वर्षातील एक अबोल विद्यार्थी नेहमी काळे कपडे घालून वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. "असली रडकी गाणी ऐकून डोके बिघडते," असे लेखकाने त्यास सर्वांसमक्ष सुनावले. त्यावर त्याने शांतपणे विचारले, "सर, तुम्ही ऐकली आहेत का?" या प्रश्नास लेखकाजवळ उत्तर नव्हते. न ऐकताच दिलेला तो निर्णय होता. त्यानंतर काही महिने केलेल्या श्रवणातून व वाचनातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे. गॉथ संगीताचा उगम, त्याची सांगीतिक वैशिष्ट्ये व त्याविषयीचे गैरसमज यांचा परिचय अध्यापकवर्गास करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा अर्थविस्तार :

'गॉथ' हे मूळ एका जर्मानिक टोळीचे नाव होय. या टोळीतील पश्चिमेकडील शाखेने इ. स. ४१० मध्ये रोम लुटले. पुढे प्रबोधनकाळातील विद्वानांनी मध्ययुगीन, टोकदार कमानींच्या वास्तुशैलीस तुच्छतेने 'गॉथिक' म्हणजे रानटी असे संबोधले. या शैलीचे एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवित रूप आपल्या परिचयाचे आहे. १८८८ मध्ये पूर्ण झालेले मुंबईचे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे त्याचे ठळक उदाहरण होय. साहित्यात होरेस वॉलपोल यांच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) या कादंबरीपासून पडके किल्ले, भूतबाधा व मृत्यूची छाया यांनी व्यापलेल्या कथांना हे नाव मिळाले. संगीताकडे ही संज्ञा आली ती याच साहित्यातून. निंदेसाठी योजलेला शब्द कालांतराने अभिमानाने मिरविला गेला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

उगम व सामाजिक पार्श्वभूमी :

१९७६-७७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पंक संगीताची लाट आली. ती ओसरू लागली तेव्हा काही तरुण वादकवृंद बाहेरच्या संतापाकडून आतल्या अंधाराकडे वळले. नॉर्दॅम्प्टन येथील 'बाउहाउस' या वृंदाची 'बेला लुगोसीज डेड' ही नऊ मिनिटांहून दीर्घ ध्वनिमुद्रिका ऑगस्ट १९७९ मध्ये प्रकाशित झाली. १९३१ च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटातील नटाच्या नावावरील ही रचना या प्रकाराचा आरंभबिंदू मानली जाते. मँचेस्टर परिसरातील 'जॉय डिव्हिजन', लंडनचा 'सूझी अँड द बॅन्शीज', क्रॉलीचा 'द क्युअर' आणि लीड्सचा 'द सिस्टर्स ऑफ मर्सी' हे या प्रवाहाशी जोडले जाणारे अन्य प्रमुख वृंद होत. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात सुरू झालेल्या 'बॅटकेव्ह' या क्लबमुळे या संगीतास वेशभूषेची व समूहाची ओळख लाभली.

या संगीताचा भूगोल विचारात घेणे आवश्यक आहे. मँचेस्टर व लीड्स ही वस्त्रोद्योगाची, तर नॉर्दॅम्प्टन हे पादत्राण उद्योगाचे जुने केंद्र होते. हे उद्योग ढासळत असतानाच १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेरोजगारांची संख्या तीस लाखांवर गेली. बंद गिरण्या व रिकामे भविष्य यांच्या सान्निध्यात वाढलेल्या पिढीने आनंदाचे उसने सूर नाकारले, असे म्हणता येईल. कारखान्याच्या भोंग्यावर दिनक्रम चालणाऱ्या आपल्या परिसरातील वाचकास ही पार्श्वभूमी समजणे कठीण जाऊ नये.

सांगीतिक वैशिष्ट्ये :

प्रथम श्रवणात हे संगीत एकसुरी वाटते. सरावाने मात्र त्याची रचना उलगडू लागते. सामान्यतः पार्श्वभूमीला असणारी बास गिटार येथे पुष्कळदा मुख्य धून वाजविते. गिटारचा ध्वनी प्रतिध्वनीच्या यंत्रणेतून पसरविलेला असतो व त्यामुळे रिकाम्या दालनाचा भास निर्माण होतो. तालात झांजांपेक्षा खोल आवाजाच्या ढोलांवर भर असतो. 'द सिस्टर्स ऑफ मर्सी'ने तर वादकाऐवजी तालयंत्रच वापरले आणि त्यास 'डॉक्टर अ‍ॅव्हलांच' असे नाव दिले. पुरुष गायकांचा स्वर बहुधा खर्जातील असतो.

स्वररचनेत पाश्चात्त्य मायनर सप्तकाचे प्राबल्य आढळते. या सप्तकाच्या नैसर्गिक रूपात गांधार, धैवत व निषाद कोमल असतात, म्हणजे स्वरदृष्ट्या ते आपल्या आसावरी थाटाशी जुळते. रागसंकल्पना तेथे नसल्याने हे साम्य स्वरांपुरतेच आहे. तथापि, दरबारी कानड्याचा मंद्र सप्तकातील संथ विस्तार ज्याने रात्री ऐकला आहे, त्यास या संगीतातील गांभीर्य सर्वस्वी परके वाटणार नाही.

नवख्या श्रोत्याने 'द क्युअर'च्या 'डिसइंटिग्रेशन' (१९८९) या संग्रहापासून प्रारंभ करावा, असे अनुभवाने सुचवावेसे वाटते. त्यातील माधुर्य चटकन जवळचे होते. त्यानंतर 'सूझी अँड द बॅन्शीज'चा 'जुजू' (१९८१), 'जॉय डिव्हिजन'चा 'क्लोजर' (१९८०) आणि शेवटी 'बाउहाउस' असा क्रम सोयीचा ठरतो. बॅन्शीजच्या 'किस देम फॉर मी' (१९९१) या गीतात तलवीन सिंग यांचा तबला ऐकू येतो, हाही भारतीय श्रोत्यास एक दुवा आहे.

आपल्या परंपरेतील समांतर जागा :

अंधार, मृत्यू व शोक यांचे कलेतील स्थान आपणास नवे नाही. आठव्या शतकातील भवभूतीने आपले कुल विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे नोंदविले आहे. वा. वि. मिराशी यांनी हे स्थान आमगावजवळचे मानले. त्याच्या 'मालतीमाधव' नाटकाचा पाचवा अंक स्मशानात घडतो. तेथे नायक पिशाचांना मांस अर्पण करू पाहतो व कापालिक नायिकेचा बळी देण्यास सिद्ध होतो. भयानक व बीभत्स रसांचा असा आविष्कार पाश्चात्त्य गॉथिक कादंबरीच्या सुमारे हजार वर्षे आधीचा आहे. आधुनिक काळात नागपूरचे कवी ग्रेस यांनी दुःखालाच काव्याचे केंद्र केले. त्यांची कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातून घरोघरी पोहोचली. गडचिरोलीतील माडिया समाज तर मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारून मृत्यूस उघड्यावर स्थान देतो. भवभूती शिकविताना ज्या करुण रसाचा आपण गौरव करतो, तोच विद्यार्थ्याच्या कानात इंग्रजीतून वाजू लागताच आपण अस्वस्थ का व्हावे, हा प्रश्न उरतो.

गैरसमज व शिक्षकाची भूमिका :

या अस्वस्थतेस काही आधार नाही, असेही म्हणता येत नाही. 'जॉय डिव्हिजन'चे गायक इयान कर्टिस अपस्मार व नैराश्याने ग्रस्त होते. त्यांनी १९८० मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्या केली. 'द लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात, पंधराव्या वर्षी स्वतःस 'गॉथ' मानणाऱ्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी नैराश्याचे व स्वतःस इजा करण्याचे प्रमाण अधिक आढळले. मात्र यावरून गॉथ असणे हेच कारण ठरत नाही, असे संशोधकांनी स्पष्ट केले. आधीच एकाकी असलेली मुले आपल्यासारख्यांच्या शोधात या समूहाकडे ओढली जात असावीत, ही शक्यताही त्यांनी मांडली.

दुसरी बाजू अधिक विदारक आहे. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमधील बेकप येथे सोफी लँकेस्टर या वीस वर्षांच्या तरुणीवर व तिच्या मित्रावर, केवळ त्यांच्या गॉथ पेहरावामुळे, जीवघेणा हल्ला झाला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा समूहांवरील हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदविण्यास प्रारंभ केला. या घटनेत धोका काळ्या कपड्यांपासून नव्हता. तो त्या कपड्यांविषयीच्या तिरस्कारापासून होता.

समारोप :

गॉथ संगीत प्रत्येकास आवडेल असे नाही आणि ते आवडावे असा या लेखाचा आग्रहही नाही. अध्यापकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब एवढीच की, उदास गीत ऐकणारा विद्यार्थी बिघडलेला नसतो. कदाचित तो एखादी गोष्ट सांगू पाहत असतो. त्याचे मौन दीर्घकाळ टिकले, तर समुपदेशनाची वाट दाखविणे हे आपले कर्तव्य आहे. त्या वाटेचा आरंभ मात्र उपदेशाने होत नाही. उपरोक्त विद्यार्थ्याची लेखकाने वर्गातच क्षमा मागितली. त्यानंतर तो शेवटच्या बाकावरून पुढे आला नाही. तथापि, तास संपल्यावर थांबून बोलू लागला. ऐकण्याची तयारी ही अध्यापनाची पहिली पायरी आहे, हा धडा प्रस्तुत लेखकास या संगीताने दिला.